प्लगची वायर जाड हवी की जुळणारी?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जालना जिल्ह्यातल्या गॅरेजांसमोर गर्दी होते. भोकरदन, अंबड, परतूर, मंठा, कुठेही जा. रात्रभर अंगणात भिजलेल्या मोटारसायकली ढकलत आणलेल्या दिसतात. ‘कालपर्यंत हाफ किकमध्ये लागत होती, आज करंटच नाही’, ही सगळ्यांची एकच तक्रार. मिस्त्री प्लग खोलतो, कॅपमध्ये बसवून इंजिनच्या हेडला टेकवतो आणि मालकाला किक मारायला सांगतो. ठिणगी पडते, पण पिवळट आणि तुटक. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो कॉइल बदला, कोणी म्हणतो सीडीआय गेला. शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तर लाल-निळ्या रंगाची जाडजूड ‘रेसिंग’ वायर, ‘हाय पॉवर’ कॉइल आणि इरिडियम प्लग असा सगळा संच टांगलेलाच असतो.

या भागात मोटारसायकल घरातल्या कर्त्या माणसासारखी राबते. सकाळी डेअरीला दुधाच्या किटल्या, दुपारी मोंढ्यातून बियाण्याच्या आणि खताच्या पिशव्या, मोसंबीच्या हंगामात बागेतून रस्त्यापर्यंत क्रेट, आणि अडल्या वेळी दवाखाना. पेरणीच्या दिवसांत गाडी बंद पडली तर त्या दिवसाचे काम बुडते. म्हणून इग्निशनवर पैसे खर्च करायला कोणाची ना नसते. फक्त तो खर्च नेमका कुठे करायचा, हे कळले पाहिजे. त्यासाठी ठिणगी तयार कशी होते, वाटेत तिची ताकद कुठे गळते आणि प्लगच्या वायरचे खरे काम काय, हे समजून घेतलेले बरे.

बारा व्होल्टचे वीस हजार

गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची. पण साध्या हवेत १ मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडवायची तर सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. इंजिनच्या आत परिस्थिती आणखी अवघड असते, कारण तिथे पेट्रोल-हवेचे मिश्रण नऊ-दहा पट दाबलेले असते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले की वायूतून ठिणगी उडवायला लागणारा व्होल्टेज हा वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतो. त्यामुळे प्लगचा गॅप जेमतेम ०.७ किंवा ०.८ मिलिमीटर असला तरी भरल्या दाबाखाली १० ते १५ हजार व्होल्टची गरज पडू शकते.

बॅटरीचे १२ व्होल्ट एवढे वर चढवायचे काम एचटी (हाय टेन्शन) कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या असतात. पहिलीत जाड तारेचे थोडे वेढे, दुसरीत केसासारख्या बारीक तारेचे साधारण शंभरपट वेढे. बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्ये पहिल्या गुंडाळीतला प्रवाह झटकन तोडला की तिथेच दोन-तीनशे व्होल्टचा झटका बसतो आणि दुसऱ्या गुंडाळीत तो वीस ते तीस हजार व्होल्टपर्यंत चढतो. ६,००० आरपीएमवर क्रँकचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पूर्ण होतो. चार स्ट्रोकच्या एकसिलिंडर इंजिनाला तेव्हा सेकंदाला पन्नास वेळा, ठरलेल्या क्षणी ठिणगी लागते. बऱ्याच गाड्यांत तर ती दर फेऱ्याला उडते; म्हणजे सेकंदाला शंभर, आणि त्यातली प्रत्येक दुसरी एक्झॉस्टच्या वेळी फुकट जाते.

कॉइल देऊ शकते तो व्होल्टेज आणि प्लगला लागतो तो व्होल्टेज यांत जे अंतर असते, ती गाडीची राखीव ताकद. नवी गाडी २५ हजार देऊ शकते आणि तिला १२ हजार लागतात. सगळे सुरळीत चालते. दोन-तीन वर्षांत प्लगचे टोक झिजून गोल होते, गॅप ०.८ चा १.१ होतो, तेव्हा मागणी वाढते. दुसरीकडे वायरचे इन्सुलेशन तडकते, कॅपमध्ये ओल शिरते, बॅटरी उतरते, तेव्हा पुरवठा घटतो. एका ओल्या सकाळी मागणी पुरवठ्याच्या वर जाते आणि गाडी लागत नाही. बिघाड त्या सकाळी दिसला, तरी तो वर्षभर हळूहळू साचत आलेला असतो. इग्निशन सुधारायची म्हणजे ही राखीव ताकद परत मिळवायची.

पॉइंट, कंडेन्सर आणि ॲमीटरची सुई

विजेची ठिणगी वापरणाऱ्या सुरुवातीच्या इंजिनांत आजच्या बेल्जियममध्ये जन्मलेल्या एत्येन लेनुआरचे १८६० मधले गॅस इंजिन येते. पण रोजच्या वापराला टिकेल अशी पद्धत रॉबर्ट बॉशच्या श्टुटगार्टच्या कारखान्यात तयार झाली. तिथले अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. त्याच बॉशच्या भागीदारीतून भारतात १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘मायको’, उभी राहिली. जुन्या मिस्त्रींच्या बोलण्यात प्लग म्हणजे मायको, हे समीकरण अजून टिकून आहे.

राजदूत, येझदी, बुलेट या पिढीच्या गाड्यांत कॉइलचा प्रवाह तोडायचे काम पॉइंट करत. दोन छोटे धातूचे ठोकळे, त्यांना उघडणारा एक कॅम आणि शेजारी कंडेन्सर, एवढाच हा कारभार. बुलेटच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचा असतो. कॅमला घासून फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि गॅपबरोबर टायमिंगही सरकते. कंडेन्सर खराब झाला की पॉइंटमध्येच ठिणग्या उडून ते जळतात आणि प्लगकडे जायची ताकद तिथेच संपते.

जुन्या बुलेटचा मालक गाडी कशी चालू करतो, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. किल्ली फिरवून तो सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर दाबतो आणि किक पायाने हळूहळू खाली रेटतो. त्याची नजर हेडलाइटच्या खोबणीतल्या ॲमीटरवर असते. पॉइंट जोडलेले असेपर्यंत कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि सुई डावीकडे झुकलेली राहते. सुई मध्यावर आली की पॉइंट उघडले आणि पिस्टन वरच्या टोकाजवळ पोहोचला, हे त्याला कळते. मग तो डिकॉम्प्रेसर सोडतो, किक वर घेतो आणि एक पूर्ण किक मारतो. ती सुई हे त्या काळचे सगळ्यात साधे निदानयंत्रही होते. किक रेटताना ती हललीच नाही, तर पॉइंट चिकटलेत की वायर तुटलीय, याचा अंदाज टाकी न उतरवता यायचा.

अशी गाडी आजही जपून वापरणाऱ्यांसाठी इग्निशनमधली सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक पद्धत बसवणे. ब्रिटनमधली बॉयर-ब्रॅन्सडेन ही कंपनी जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींसाठी असे संच वर्षानुवर्षे बनवत आली आहे. त्यात फिरणाऱ्या चुंबकाची खूण ओळखून ट्रान्झिस्टर कॉइलचा प्रवाह तोडतो. घासणारा भागच नसल्याने टायमिंग सरकत नाही. अर्थात असा संच बॅटरीवर अवलंबून असतो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे प्रवाह निम्मा झाला तर ऊर्जा चौथाईवर येते. म्हणून आधी चार्जिंग आणि बॅटरी नीट, मग इलेक्ट्रॉनिक संच, हा क्रम मोडू नये.

सीडीआय आला आणि पुढे जुळा प्लग

१९६९ मध्ये आलेली कावासाकीची एच१ ही सीडीआय, म्हणजे कपॅसिटरच्या साठ्यावर चालणारी इग्निशन, वापरणाऱ्या पहिल्या मोटारसायकलींपैकी एक. भारतात १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी१०० आणि यामाहा आरएक्स१०० यांनी हे तंत्र गावोगावी पोहोचवले. सीडीआयमध्ये मॅग्नेटमधल्या कॉइलकडून एक कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरला जातो. क्रँकची जागा ओळखणाऱ्या पल्सर कॉइलचा इशारा मिळताच तो सगळा साठा एचटी कॉइलमध्ये एकदम रिकामा होतो. व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांत वर चढत असल्याने प्लगवर थोडे तेल किंवा काजळी असली तरी ठिणगी पडते. म्हणूनच तेल जाळणाऱ्या टू-स्ट्रोकला सीडीआय मानवला. शिवाय मॅग्नेटवर चालणारा सीडीआय असेल तर बॅटरी पूर्ण उतरली तरी गाडी किकवर लागते. जुन्या १०० सीसी गाड्या वाड्या-वस्त्यांवर एवढ्या रुजल्या, त्याचे हेही एक कारण आहे.

सीडीआयची उणी बाजू अशी की त्याची ठिणगी फार थोडा वेळ टिकते, मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या टीसीआय पद्धतीत ती एक-दीड मिलिसेकंद जळत राहते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असलेले पातळ मिश्रण पेटवायला ही लांब ठिणगी कामाची ठरते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा नव्या गाड्या त्या पद्धतीकडे वळल्या.

पातळ मिश्रण नीट पेटवण्याचा दुसरा मार्ग महाराष्ट्रातल्याच एका कंपनीने वापरला. १९८५ मध्ये सुरू झालेला बजाजचा वाळूजचा कारखाना जालन्याच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे, आणि कंपनीचे मुख्यालय पुण्याजवळ आकुर्डीला. २००१ मध्ये आलेल्या पल्सरला कंपनीने २००३ मध्ये डीटीएसआय तंत्र दिले. एका सिलिंडरला समोरासमोर दोन प्लग. एकाच टोकाला पेट घेतला तर ज्वाळेला अख्खा सिलिंडर ओलांडावा लागतो. दोन्ही टोकांना एकदम पेटले तर अंतर निम्म्यावर येते आणि मिश्रण लवकर व पूर्ण जळते. पुढे २०१२ च्या पल्सर २००एनएसमध्ये तर तीन प्लग आले.

या जुळ्या प्लगवरून भारतातला गाजलेला पेटंटचा खटलाही झाला. ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या छोट्या सिलिंडरमध्ये दोन प्लग बसवण्याच्या रचनेवर बजाजचे पेटंट होते. २००७ मध्ये टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही १२५ सीसीची गाडी जाहीर केली आणि वाद कोर्टात गेला. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला मनाई केली, खंडपीठाने ती २००९ मध्ये उठवली. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गाडी विकायला मुभा दिली आणि असे खटले लांबणीवर न टाकता रोज चालवून निकाली काढावेत, असे बजावले. दोन्ही कंपन्यांनी २०१९ मध्ये तडजोड केली. गाडीतल्या सगळ्यात छोट्या आणि स्वस्त भागांपैकी एक असलेला प्लग कुठे आणि किती बसवायचा, यावर एवढी मोठी लढाई झाली.

जुळ्या प्लगच्या गाडीत एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. एक प्लग किंवा त्याची वायर गेली तरी गाडी चालत राहते. पिकअप मरते, ॲव्हरेज घसरते, पण गाडी बंद पडत नाही आणि दुखणे लपून राहते. अशा गाडीचे दोन्ही प्लग, दोन्ही कॅप आणि दोन्ही वायरी एकत्रच तपासायच्या.

वायरीच्या पोटात काय असते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कॉइलपासून प्लगपर्यंतची वायर बाहेरून सारखीच दिसली, तरी तिचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार तांब्याच्या गाभ्याचा. बारीक तारांची वेणी, वर जाड इन्सुलेशन, एकूण व्यास बहुधा ७ मिलिमीटर. रोध जवळपास शून्य. भारतातल्या कम्युटर गाड्यांवर हीच वायर जास्त दिसते. दुसरा प्रकार कार्बनच्या गाभ्याचा. धाग्यांवर कार्बनचा थर दिलेला असतो आणि रोध मीटरला हजारो ओहम. हा प्रकार कारमध्ये जास्त. तिसरा प्रकार पिळाच्या तारेचा. चुंबकीय गाभ्यावर अतिशय बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिचा रोध कार्बनपेक्षा बराच कमी असतो आणि रेडिओचा खरखराट ती आपल्या पिळामुळे दाबते. चांगल्या प्रतीच्या ‘परफॉर्मन्स’ वायरी बहुतेक याच प्रकारच्या असतात.

खरखराट दाबायचा म्हणजे काय? प्लगवर ठिणगी उडते तेव्हा वायर एका छोट्या रेडिओ प्रक्षेपकासारखी वागते. पूर्वी दारावरून गाडी गेली की घरातला रेडिओ करकरायचा, तो याचमुळे. आज रेडिओ बाजूला राहिला, पण गाडीच्या पोटात संगणक आला. इसीयू, क्रँक सेन्सर, डिजिटल मीटर या सगळ्यांना तो खरखराट खोटे इशारे देऊ शकतो. म्हणून वाटेत कुठेतरी रोध ठेवतात. बहुतेक मोटारसायकलींत तो प्लगच्या कॅपमध्ये ५,००० ओहमचा असतो आणि बऱ्याचदा प्लगच्या आतही असतो.

इथेच सगळ्यात जास्त दिशाभूल होते. ‘रोध काढून टाका, करंट वाढतो’, असे सांगून बिनरोधाच्या कॅप विकल्या जातात. त्याचा हिशेब साधा आहे. ठिणगी उडण्याआधी वायरीतून जवळजवळ प्रवाहच वाहत नसतो. रोधावर व्होल्टेज पडायला प्रवाह लागतो. त्यामुळे प्लगच्या टोकाशी पोहोचणारा व्होल्टेज कॅपमधल्या रोधाने फारसा घटत नाही. ठिणगी उडाल्यावर प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअर धरला, तर ५,००० ओहमवर २५० व्होल्ट पडतात. वीस-पंचवीस हजार व्होल्ट देऊ शकणाऱ्या कॉइलपुढे ही किंमत किरकोळ आहे आणि तिच्या बदल्यात सीडीआय व इसीयू सुरक्षित राहतात. रोध काढून टाकला की फायदा हाताला लागत नाही; गाडी मध्येच झटके द्यायला लागली तर मात्र कारण सापडता सापडत नाही.

जाडीचेही तसेच. ८ किंवा १० मिलिमीटरच्या वायरीत वाढलेली असते ती इन्सुलेशनची जाडी. तिने ठिणगी मोठी होत नाही. मोसंबीच्या बागेत ठिबकची नळी जाड घातली म्हणून मोटारीचा दाब वाढत नाही. फुटलेली नळी बदलली तर मात्र शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोहोचते. वायरीचेही तसेच आहे. चांगल्या इन्सुलेशनचे खरे मोल उन्हात आणि पावसात कळते. जालन्याच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि इंजिनजवळ उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. साधे प्लास्टिक अशा उष्णतेत कडक होऊन तडकते. सिलिकॉनचे आवरण २०० अंशांच्या आसपासची उष्णता सोसते आणि थंडीतही मऊ राहते. म्हणून वायर निवडताना आधी आवरण पाहावे, रंग सगळ्यात शेवटी.

आणखी एक मुद्दा विकत घेणाऱ्याला क्वचितच सांगितला जातो. मोटारसायकलच्या बहुतेक प्लग कॅपमध्ये लाकडात ठोकायच्या स्क्रूसारखा एक अणकुचीदार स्क्रू असतो. कॅप वायरीवर पिळत नेली की तो तांब्याच्या वेणीत शिरतो आणि घट्ट जोड तयार होतो. कार्बनच्या गाभ्यात हाच स्क्रू घुसवला तर धागे फाटतात, जोड सैल राहतो, तिथे आतल्या आत ठिणग्या उडतात आणि काही महिन्यांत गाभा जळतो. ‘भारी’ वायर टाकूनही गाडी मिसिंग मारते, त्यामागे बऱ्याच वेळा हेच असते. तात्पर्य, स्क्रूची कॅप असेल तर ७ मिलिमीटरची, सिलिकॉन आवरणाची, तांब्याच्या गाभ्याची वायर आणि ५,००० ओहमची कॅप ही जोडी उत्तम. पिळाच्या तारेची वायर घ्यायची असेल तर ती कंपनीने टोकाला पितळी टर्मिनल दाबून दिलेलीच घ्यावी. अनेक गाड्यांत वायर कॉइलमध्ये ओतून बसवलेली असते. तिथे जोड मारून टेप गुंडाळण्यापेक्षा वायरीसह कॉइलच बदलणे शहाणपणाचे.

अंधारात दिसणारी गळती

वायर खराब आहे की नाही, हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. रात्री उजेड बंद करून गाडी चालू करावी आणि वायरीवर, कॅपवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारावा. इन्सुलेशन फुटले असेल तर निळ्या बारीक ठिणग्या चेसिसकडे किंवा इंजिनच्या फिन्सकडे पळताना दिसतात आणि ‘टिक टिक’ आवाज येतो. त्या वेळी वायरीला हात लावू नये. झटका जबर असतो. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने तर या कामापासून लांबच राहावे.

मग गाडी बंद करून कॅप पिळून काढावी. वायरीचे टोक हिरवट-काळे पडले असेल तर ओल आत शिरली आहे. पाच-सहा मिलिमीटर टोक सरळ कापले की आतून लखलखीत तांबे दिसते. कॅप पुन्हा घट्ट पिळून बसवली की अर्धी दुखणी तिथेच मिटतात. कॅपचा रोध मल्टिमीटरवर ५,००० ओहमच्या आसपास यायला हवा. तो लाखात दिसला किंवा दिसलाच नाही तर कॅप फेकून द्यावी. रबरी बूट सैल झाला असेल तर तोही बदलावा, कारण पाणी तिथूनच प्लगच्या चिनीमातीवर उतरते. वायर हँडल वळताना ताणली जाणार नाही आणि सायलेन्सरला टेकणार नाही, अशी बांधावी. दाण्याच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायरही सापडते. तीही नजरेखालून घालावी.

कॉइलचे आणि इंजिनचे अर्थिंग हा विसरला जाणारा भाग. जितका करंट प्लगकडे जातो तितकाच चेसिसमधून परत यावा लागतो. कॉइलच्या बोल्टखाली गंज आणि काळ्या मातीचा थर बसलेला असेल तर नवी वायर टाकून काय उपयोग? बोल्ट काढून, जागा पॉलिश पेपरने घासून परत आवळणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

ठिणगी तपासताना दोन पथ्ये पाळायची. प्लग हेडच्या धातूला नीट टेकलेला असावा. वायर हवेत लोंबकळत ठेवून किक मारली तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि तो व्होल्टेज कॉइल किंवा सीडीआय फोडू शकतो. दुसरे पथ्य म्हणजे जवळ पेट्रोल सांडलेले नसावे आणि प्लगच्या उघड्या भोकापासून ठिणगी लांब असावी.

प्लगचा नंबर वाचायचा कसा

वायर जुळली तरी प्लग चुकला तर सगळे मुसळ केरात. प्लगचे टोक साधारण ५०० अंशांपर्यंत तापले तरच त्यावरची काजळी जळून जाते. ८०० अंशांच्या वर गेले तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते आणि पिस्टनला भोक पडू शकते. या दोन टोकांमध्ये राहणारा प्लग निवडणे म्हणजे ‘हीट रेंज’ निवडणे. एनजीकेच्या नंबरात आकडा मोठा तेवढा प्लग थंड; बॉशच्या आजच्या नंबरात आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तेवढा प्लग गरम. एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग बसवला की घोटाळा होतो तो यामुळे.

एक नमुना पाहू, एनजीकेचा ‘सीपीआर८ईए-९’. सी म्हणजे १० मिलिमीटरचा आटा. पी म्हणजे टोक पुढे आलेले. आर म्हणजे आत रोध आहे. ८ ही हीट रेंज. ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९ मिलिमीटर. ई च्या जागी एच असेल तर आटा १२.७ मिलिमीटरचा. १२.७ च्या हेडमध्ये १९ चा प्लग गेला तर तो पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आदळू शकतो.

इरिडियम प्लगचा फायदा खरा आहे. निकेलच्या साध्या प्लगचे मधले टोक सुमारे अडीच मिलिमीटर जाड असते, इरिडियमचे ०.४ ते ०.६ मिलिमीटर. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते, म्हणजे राखीव ताकद वाढते. इरिडियम २,४४६ अंशांना वितळते, त्यामुळे टोक लवकर झिजत नाही. पण ते वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासायचे नसते. घासले की ते बारीक टोक खराब होते. कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडत असेल, एअर फिल्टर धुळीने भरला असेल, तर इरिडियमही काळाच पडणार. आधी मूळ दोष काढावा. आणि कोणताही प्लग इंजिन थंड असताना, आधी हाताने आट्यात बसवून मगच पान्याने आवळावा. ॲल्युमिनियमच्या हेडचा आटा गेला तर त्याचा खर्च दहा प्लगांहून जास्त होतो.

नव्या गाडीला हात लावताना

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. या गाड्यांत टायमिंग इसीयू ठरवतो. इथे ‘अनलिमिटेड’ सीडीआय किंवा ‘रेसिंग’ कॉइल लावायला जागा नाही. मूळ कॉइलपेक्षा वेगळा रोध असलेली कॉइल लावली तर इसीयूमधला ट्रान्झिस्टर जळू शकतो, वॉरंटी जाते ती वेगळीच. शिवाय ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग खराब होतो. म्हणून बीएस-६ गाडी मिसिंग मारत असेल तर ती तशीच दामटू नये. कंपनीने सांगितलेलाच रोधाचा प्लग, मूळ कॅप आणि मूळ कॉइल, यापलीकडे जायचे कारण नाही.

जुन्या सीडीआय गाडीत वेगावर मर्यादा घालणारा लिमिटर काढलेला सीडीआय टाकला तर इंजिन जास्त फिरते खरे, पण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तेवढ्या वेगाला बनवलेल्या नसतात. दूध घेऊन जाणाऱ्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिला हवे असते पहिल्या किकला लागणे, चढावर न गुदमरणे आणि पावसात न अडणे.

थोडक्यात, पॉइंटच्या जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक संच ही खरी सुधारणा. सीडीआयच्या गाडीत नवा प्लग, ५,००० ओहमची कॅप, सिलिकॉनची तांब्याची वायर आणि स्वच्छ अर्थिंग एवढे केले की कंपनीने दिलेली सगळी ताकद परत मिळते. बीएस-६ गाडीत मूळ भागांना धक्का लावू नये. आणि कोणतीही वायर विकत घेण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा: गाभा कशाचा आहे, रोध किती आहे, आणि स्क्रूच्या कॅपला ती चालते का? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर ती वायर कितीही जाड आणि कितीही रंगीत असली तरी घेऊ नका.